‘खातं बंद होणार’ असा मेल आला, तर आधी काय करायचं

म्हापशाच्या बाजाराजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शुक्रवारी बाजाराला आलेली माणसं मयड्याची केळी, सुकी मासळी पिशवीत भरून परतताना माझ्याकडे डोकावतात. कुणाचं विजेचं बिल असतं, कुणाचा ‘गृह आधार’ या सरकारी योजनेचा अर्ज. हल्ली त्यात एक भर पडली आहे. फोन काउंटरवर सरकवायचा आणि विचारायचं, “बाय, हें खरें काय फट?” म्हणजे हे खरं की खोटं? स्क्रीनवर मेल असतो: तुमचं शॉपिंगचं खातं बंद होणार, तुमची ऑर्डर अडकली, तुमचा रिफंड आला.

या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. मेलकडे बघायच्या आधी विचारते, “तुमच्या ॲपात काय दिसतं?”

सांगण्यासारखं मुख्य म्हणजे एवढंच. मेल खरा की खोटा, हे मेल वाचून ठरवायला बसायचं नाही. मेल बंद करायचा, ज्या दुकानाच्या नावाने तो आलाय त्याचं ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि ‘माझ्या ऑर्डर्स’मध्ये बघायचं. मेलमधली ऑर्डर तिथे नसेल, तर ती अस्तित्वातच नाही. खात्यात खरोखर काही अडचण असेल, तर ॲप उघडल्यावर कंपनी तिथेच सांगते. अमेझॉनच्या खात्यात ‘मेसेज सेंटर’ नावाचा भाग असतो. कंपनीने तुम्हाला पाठवलेले मेल तिथे दिसतात. इनबॉक्समध्ये आलेला मेल तिथे सापडला नाही, तर पुढे चर्चेचं कारण उरत नाही.

मेलमधून कुठेही जायचं नाही, म्हणजे त्यातलं बटण दाबायचं नाही, त्यातल्या नंबरवर फोन लावायचा नाही आणि त्यातला क्यूआर कोडही स्कॅन करायचा नाही. मेलमधला नंबर नको म्हणून काही जण गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात. ते तर त्याहून वाईट, कारण तिथे वर दिसणारा नंबर कुणी टाकलाय हे कळायला मार्ग नसतो. कंपनीशी बोलायचं तर ॲपमधल्या ‘मदत’ किंवा ‘हेल्प’मधूनच.

जुन्या खुणा आता पुरत नाहीत

पूर्वी म्हणायचे, स्पेलिंग चुकलं की मेल खोटा. आता खोट्या मेलांचं इंग्रजी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या पदवीधरांपेक्षा चांगलं असतं. मराठीतही स्वच्छ मजकूर येतो. कंपनीचं चिन्ह तर कुणीही उचलून चिकटवतो. ‘प्रिय ग्राहक’ असं लिहिलंय म्हणून खोटा आणि आपलं नाव लिहिलंय म्हणून खरा, हेही खरं नाही. नाव, फोन नंबर, पत्ता यांच्या याद्या कुठून कुठून फुटलेल्या असतात. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसतं म्हणून निर्धास्त होणारेही पुष्कळ. ते कुलूप सांगतं की तुमच्या फोनपासून त्या वेबसाइटपर्यंत मधलं कुणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस कोण, याबद्दल ते काहीच सांगत नाही. चोरही कुलूप लावतो.

एक खूण मात्र अजून कामाला येते आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मेल कुठल्या आयडीवर आलाय? आमच्याकडे बऱ्याच घरांत खरेदीचं खातं मुलाने किंवा सुनेने फोन नंबरावर उघडून दिलेलं असतं. आणि ‘तुमचं खातं बंद होणार’ हा मेल येतो काकांच्या जीमेलवर, जे त्या खात्याला कधी जोडलेलंच नव्हतं.

दुसरी खूण पाठवणाऱ्याच्या पत्त्याची. मोठ्या अक्षरांत दिसतं ते नाव. ते पाठवणारा हवं ते लिहू शकतो. नावाखालचा छोटा बाण दाबला की पूर्ण मेल आयडी दिसतो. त्यात ‘ॲट’च्या चिन्हानंतरचा भाग वाचायचा, आणि तोही शेवटाकडून. ‘हॉटेल मुंबई, फोंडा’ हे हॉटेल फोंड्यातच असतं, नाव काही का असेना. तसंच ‘अमेझॉन डॉट इन’ एवढ्यावर पत्ता संपत असेल तर ते अमेझॉन. पण ‘अमेझॉन डॉट इन डॉट ऑर्डर-चेक डॉट एक्सवायझेड’ असेल, तर तो पत्ता ‘ऑर्डर-चेक’वाल्याचा, अमेझॉनचा त्याच्याशी संबंध नाही. लिंकमध्येही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचंच वाचायचं, तिच्यापुढे कुणीही काहीही लिहू शकतो. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं चिकटवून लिहिली की ‘एम’ वाटतात, आणि ‘ओ’च्या जागी शून्य घातलं तर फोनच्या छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही. चष्मा लावून बघा.

पण ही तपासणी एकाच बाजूने चालते. पत्ता चुकीचा दिसला तर मेल नक्की टाकाऊ. बरोबर दिसला म्हणून मेल खरा, असं म्हणता येत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखवता येतो. उलट, खऱ्या कंपन्यांच्या मेलमधल्या लिंकही कधी कधी मेल पाठवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या लांबलचक पत्त्यावरून जातात आणि बघणारा उगाच घाबरतो. म्हणून पुन्हा ॲप.

बँकेच्या नावाने मेल आला, तर एक सोपी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटी ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. कार्ड अडकलंय म्हणून बँकेची म्हणवणारी लिंक आली आणि तिच्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी हे नसलं, तर तिकडे जाऊ नका.

गोव्यात सगळ्यात जास्त चालतो तो पत्त्याचा सापळा

आमचे पत्ते कसे असतात बघा. घर नंबर, त्यापुढे तिरकी रेघ आणि आणखी एक आकडा, वाड्याचं नाव, ‘कपेलाजवळ’ (म्हणजे छोट्या चर्चजवळ) किंवा ‘रवळनाथाच्या देवळामागे’, मग गाव. रस्त्याला नाव नाही, दारावरचा नंबर पावसाने धुऊन गेलेला. कुरिअरच्या पोराचा फोन येणं हे इथे रोजचंच. त्यामुळे ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, पार्सल गोदामात पडून आहे, २४ तासांत पत्ता दुरुस्त करा’ असा मेल किंवा एसएमएस आला, की माणसाला तो खोटा वाटतच नाही. उलट, “आमचो पत्तो तसोच आसा गो,” असं म्हणून तो स्वतःच खजील होतो.

लिंक दाबली की टपाल खात्यासारखं किंवा कुरिअर कंपनीसारखं पान उघडतं. पत्ता भरा म्हणतं, तो भरता. मग पुन्हा डिलिव्हरीचे पंचवीसेक रुपये मागतं. रक्कम इतकी किरकोळ की कुणी विचार करत नाही. पण चोराला ते पंचवीस रुपये नकोच असतात. त्याला हवा असतो कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि त्यानंतर येणारा ओटीपी. भारतीय टपाल खात्याच्या नावाने असे मेसेज इतके फिरले आहेत की सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने ते खोटे असल्याचं वेळोवेळी जाहीर केलं आहे.

खरा कुरिअरवाला पत्ता दुरुस्त करायला पैसे मागत नाही. तो विचारतो, “आंटी, कपेल खंय आसा?” आणि तुम्ही सांगता, वडाकडून डावीकडे. पार्सलची खरी स्थिती बघायची तर ज्या ॲपवरून मागवलं तिथेच ‘ट्रॅक’ दाबा. काहीच मागवलं नसेल, तर पार्सलही नाही. आणि दहा आकडी साध्या मोबाइल नंबरवरून पार्सलचा एसएमएस आला तर तो वाचतही बसू नका, कंपन्यांचे मेसेज इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतात.

ओटीपीबद्दल इथेच सांगते. आकडा वाचायच्या आधी त्याच्याबरोबरचं वाक्य वाचा. ‘अमुक ठिकाणी इतके रुपये भरण्यासाठी’ असं त्यात लिहिलेलं असतं. पंचवीस रुपये भरताना वाक्यात हजारांची रक्कम दिसली, तर तिथेच थांबायचं. काही कंपन्या डिलिव्हरीसाठी खरोखर ओटीपी देतात, तो पार्सल हातात आल्यावर दारातच सांगायचा. फोनवर कुणी ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. निरोपाचे शब्द बोलायची गरज नाही.

याच सापळ्याची मोठी बहीण म्हणजे परदेशी पार्सल. बार्देशात निम्म्या घरांचं कुणी ना कुणी आखातात, लंडनला किंवा बोटीवर. हळदोण्याच्या एका आंटीचा नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. तिला मेल आला की परदेशातून पाठवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, ड्यूटी भरा. मी म्हटलं, आधी नवऱ्याला व्हॉट्सॲप करा. बोटीवर नेटवर्क मिळेपर्यंत ती दोन दिवस अस्वस्थ होती, पण पैसे भरले नाहीत. त्याने काही पाठवलंच नव्हतं. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमच्या वरच्या केंद्रीय मंडळाच्या, वेबसाइटवर तपासता येतो. कुणाच्या खाजगी यूपीआयवर ड्यूटी भरायला कस्टम सांगत नाही.

बाकीचे प्रकार झटपट सांगते. ‘पेमेंट झालं नाही, कार्ड पुन्हा टाका.’ ‘मेंबरशिप आज आपोआप वाढणार.’ चवथीच्या आणि दिवाळीच्या तोंडावर ‘तुम्हाला बक्षीस लागलं.’ ‘रिफंड घ्यायला यूपीआय पिन टाका.’ पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक बघण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीच नाही. हे मी काउंटरवर कागदावर लिहून चिकटवलंय, तरी विचारतात.

एका प्रकाराकडे मात्र नीट बघा, कारण त्यात लिंक नसतेच. पेडण्याकडच्या एका निवृत्त मास्तरांना मेल आला: तुम्ही मागवलेला महागडा मोबाइल उद्या निघेल, ऑर्डर तुमची नसेल तर या नंबरवर फोन करा. लिंक नाही म्हणजे धोका नाही, असं मास्तरांना वाटलं. फोन केला. पलीकडचा अगदी गोड बोलला, ‘सर सर’ म्हणाला, आणि रद्द करायचा फॉर्म भरायला मदत म्हणून एक ॲप टाकायला लावलं. ॲप आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं. मास्तर फोन चालू असतानाच दुकानात शिरले. “बघ गे, मला फॉर्म दिसत नाही.” मी आधी मोबाइल डेटा बंद केला, मग फोन कापला, मग ते ॲप काढून टाकलं. एनीडेस्कसारखी अशी ॲप्स मुळात चांगल्या कामाचीच असतात. पण समोरच्याला तुमची स्क्रीन दिसत असताना तुम्ही बँकेचं ॲप उघडलंत, की पिनही त्याचा आणि ओटीपीही त्याचाच.

हात लागलाच असेल तर

नुसता मेल उघडला एवढंच झालं असेल, तर काही करू नका. चहा घ्या. असं घाबरून पळत येणारे पुष्कळ असतात. मेल ‘स्पॅम’मध्ये टाका. कॉम्प्युटरवर जीमेल असेल, तर मेलच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून ‘फिशिंग’ म्हणून तक्रारही करता येते.

लिंक उघडली पण काही भरलं नाही, तर पान बंद करा. फोनमध्ये एखादी फाइल उतरली असेल, विशेषतः नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली, तर ती न उघडता पुसा. ती उघडून ॲप बसवलंच असेल तर इंटरनेट बंद करा, ॲप काढा, आणि बँकेचं काम तोपर्यंत दुसऱ्या फोनवरून करा. जमत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. फोटोंसाठी रडू येतं, पण त्याला इलाज नाही.

पासवर्ड टाकला असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी मेलचा पासवर्ड बदला, निदान तो आणि शॉपिंगचा एकच असेल तेव्हा तरी. मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात ‘पासवर्ड विसरलो’ची सगळी उत्तरं. मग शॉपिंगच्या ॲपमध्ये जाऊन तिथला पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ दाबा. हे झालं की बहुतेक लोक सुटकेचा श्वास सोडून निघून जातात, आणि खरं काम तिथेच राहतं. सेव्ह केलेले पत्ते बघा. त्यात कुठल्या तरी भलत्याच गावाचा पत्ता घुसला असेल तर काढा. ऑर्डर्स बघा, लपवलेल्या किंवा ‘आर्काइव्ह’ केलेल्याही. गिफ्ट कार्डाची, वॉलेटची शिल्लक बघा. सेव्ह केलेली कार्डं काढून टाका. आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ नक्की तपासा. घुसलेला माणूस तिथे असा नियम लावून ठेवू शकतो, की ऑर्डरचे मेल तुम्हाला दिसूच नयेत. शेवटी दोन्ही खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला तर माझी हरकत नाही, कुणी काहीही म्हणो. चोर सातासमुद्रापलीकडून तुमचं कपाट उघडू शकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड, आणि तोही घराचं नाव आणि एक-दोन-तीन, हे मात्र चालणार नाही.

कार्डाची माहिती दिली असेल तर बँकेच्या ॲपमधून कार्ड लगेच ब्लॉक करा. निदान ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारांचं बटण बंद करा. ही चालू-बंदची सोय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाने प्रत्येक कार्डाला आहे. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावायचा.

पैसे गेले असतील तर

१९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. हा नंबर आधी, रडारड नंतर. “पयशे गेले गो बाय,” म्हणत माणसं येतात ती कधी कधी दुसऱ्या दिवशी, कारण आदल्या दिवशी घरात कुणाला सांगायची लाज वाटली. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात झपाट्याने हलवतो. १९३० वर कळवलं की ती माहिती संबंधित बँकांपर्यंत जाते आणि पैसे वाटेत कुठे थांबलेले असतील तर गोठवता येतात. एकदा काढून नेल्यावर गोठवणार काय?

फोन लावताना हाताशी ठेवा: तुमची बँक आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख आणि वेळ, व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा क्रमांक बारा आकडी असतो, ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. लाइन लागली नाही तर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. तक्रारीचा पोचक्रमांक लिहून ठेवा. तो मेल, ते एसएमएस, कॉलची नोंद यातलं काहीही रागाने पुसू नका. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि प्रिंट घ्या. गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे, पण तिथे जायला जमत नाही म्हणून थांबू नका, जवळच्या ठाण्यातही तक्रार देता येते.

बँकेला वेगळं कळवायचंच, आणि लेखी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, कुणा तिसऱ्यामुळे पैसे गेले, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून ‘माझीच चूक, आता काय सांगू’ म्हणणाऱ्यांनाच मी जास्त घाई करायला लावते. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या, किंवा अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ मारून घ्या.

पैसे गेले नाहीत, नुसता फोन किंवा मेसेज आला होता, तर संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाचा विभाग आहे. तिथे तो नंबर कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येऊ शकतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा.’ हा कधी कधी तोच चोर, कधी त्याच्याकडून यादी घेतलेला दुसरा. एकदा फसलेल्या माणसाच्या मनात पैसे परत मिळण्याची आशा असते, हे त्याला माहीत असतं. पोलीस पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. तक्रारीचं पुढे काय झालं हे बघायचं तर पोर्टलवर तुम्हीच लॉगिन करून पोचक्रमांकावरून बघा. ते जमत नसेल तर कागद घेऊन दुकानात या, शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी. शुक्रवारी गर्दीत मला दोन शब्द नीट ऐकू येत नाहीत.